ट्रायम्फ स्पिटफायरच्या पुढच्या सस्पेन्शनमधील बॉल जॉइंट कसा बदलावा

ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनी उघडी गाडी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहराजवळच्या कॅनली येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार होत असे. तिचे पुढचे सस्पेन्शन मूळचे १९५९ च्या ट्रायम्फ हेराल्डचे आहे, आणि तीच हेराल्ड १९६१ पासून मद्रासमध्ये ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने बनू लागली. त्यामुळे ज्यांच्याकडे जुनी स्टँडर्ड हेराल्ड जपलेली आहे, त्यांनाही पुढील पद्धत बहुतांशी लागू पडेल. मात्र सुटे भाग मागवताना वर्ष आणि मॉडेल जुळवून घेणे आवश्यक आहे.

काम हाती घेण्यापूर्वी रचना समजून घ्यावी. प्रत्येक बाजूला वर एक आणि खाली एक असे दोन विशबोन आर्म (चासीला जोडलेल्या, इंग्रजी V सारख्या भुजा) असून त्यांच्यामध्ये एक उभा पोलादी दुवा असतो, आणि त्या दुव्यावर स्टब ॲक्सल (चाकाचा आखूड आस), ब्रेक व चाकाचा हब बसवलेला असतो. या दुव्याच्या वरच्या टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत गोळा फिरावा तसा वळणारा सांधा, असतो, पण खालच्या टोकाला नसतो. तिथे दुव्याचे आटे पाडलेले टोक ट्रनियन नावाच्या, आतून आटे असलेल्या पितळी भागात फिरवून बसवलेले असते आणि स्टिअरिंग वळवले की दुवा त्या आट्यांवरच फिरतो. या रचनेमुळे चाके इतकी वळतात की हेराल्ड सुमारे २५ फुटांच्या वर्तुळात फिरत असे. गाडीचे वजन स्प्रिंगमार्फत खालच्या विशबोनवर येते, म्हणजेच भार वाहतो तो ट्रनियन. वरचा बॉल जॉइंट दुव्याला उभे धरून ठेवतो. बॉल जॉइंट बदलणे हे तुलनेने सोपे काम आहे. त्या निमित्ताने ट्रनियन तपासला गेला नाही, तर मात्र जोखमीचा भाग तसाच राहून जातो.

झीज नेमकी कुठे आहे

पुढची बाजू उचलून खालच्या विशबोनखाली जॅक ठेवावा आणि चाक वरून व खालून धरून आतबाहेर हलवावे. चाक हलत असेल तर लगेच बॉल जॉइंटला दोष देऊ नये, कारण या गाडीच्या पुढच्या चाकांना टेपर रोलर बेअरिंग असतात आणि त्यांच्यात किंचित ढिलेपणा मुद्दाम ठेवलेला असतो. मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगून चाक पुन्हा हलवावे. हालचाल थांबली तर ती बेअरिंगची होती. टिकून राहिली तर ती सस्पेन्शनमधली आहे, आणि ती वर दिसते की खाली हे विजेरी घेऊन पाहावे. चाक हलवताना जॉइंटचे घर (बाहेरचे कवच) आणि दुव्याचा डोळा (जॉइंटचा स्टड म्हणजे दांडा ज्यात बसतो ते छिद्र) यांच्यावर एकत्र बोट ठेवल्यास डोळ्यांना न दिसणारी हालचालही बोटाला जाणवते. रबरी बूट फाटला असून जॉइंट अजून घट्ट असेल, तर केवळ बूट बदलण्याचा मोह होतो. परंतु फाटक्या बुटातून आत किती काळ पाणी आणि धूळ गेली हे कळायला मार्ग नसतो, म्हणून जॉइंटच बदलावा असे माझे मत आहे.

साहित्य

नवा बॉल जॉइंट, नवे नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेले, सहसा आपोआप सैल न होणारे), बोल्ट गंजलेले असल्यास त्याच ताकदीच्या श्रेणीचे नवे बोल्ट, बॉल जॉइंट सोडवण्याचा पुलर, टॉर्क पाना, तारेचा ब्रश, गंज सोडवणारे तेल, जाड तार, दोन भक्कम स्टँड, ग्रीस गन आणि ईपी ९० दर्जाचे गिअर ऑइल एवढे जवळ असावे. या गाडीचे आटे इंची यूएनएफ पद्धतीचे आहेत, त्यामुळे मिलिमीटरचे पाने वापरू नयेत. ‘जवळपास बसणारा’ पाना गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करतो आणि मग साधे काम छिन्नी-हातोड्यावर जाते. नट किती घट्ट करायचे याचे आकडे आपल्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्यावेत.

भाग हाती आल्यावर लगेच जुन्याशी ताडून पाहावा. बोल्टच्या छिद्रांमधील अंतर, स्टडची लांबी, टेपरची (स्टडच्या निमुळत्या भागाची) जाडी आणि बुटाच्या रबराचा दर्जा या चार गोष्टी पाहाव्यात. आज मिळणाऱ्या पुनरुत्पादित भागांपैकी काहींचे रबर हलके असते आणि थोड्याच काळात चिरते.

गाडी उचलणे

आदल्या दिवशी सर्व नट-बोल्टवर गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे. दुसऱ्या दिवशी सपाट व कठीण जमिनीवर गाडी उभी करून हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावावेत आणि चाक जमिनीवर असतानाच चाकाचे नट थोडे सैल करावेत. स्पिटफायरला स्वतंत्र चासी आहे. स्टँड त्या चासीच्या मजबूत भागाखाली ठेवावेत, पत्र्याखाली किंवा गंजलेल्या कडेखाली ठेवू नयेत. या गाडीचे संपूर्ण बॉनेट मडगार्डसकट पुढे उलटते, आणि पुढून सरकवलेल्या ट्रॉली जॅकचा दांडा त्याच्या आड येतो. म्हणून आधी गाडी स्टँडवर नीट बसवावी, जॅक काढावा आणि मगच बॉनेट उघडावे. त्यानंतर मात्र सस्पेन्शनचा प्रत्येक भाग इतका मोकळा समोर येतो की असे काम शिकण्यासाठी याहून सोयीची गाडी क्वचितच सापडेल.

चाक काढावे. एका वेळी एकाच बाजूचे काम करावे. दुसरी बाजू नमुना म्हणून उपयोगी पडते.

जुना जॉइंट सोडवणे

स्प्रिंगची भीती येथे फारशी बाळगण्याचे कारण नाही. स्प्रिंग डॅम्परवरच (शॉक ॲब्सॉर्बरवरच) बसवलेली असून चाक लोंबत असताना डॅम्पर पूर्ण ताणलेला असतो, त्यामुळे वरचा जॉइंट सुटला तरी स्प्रिंग उसळून बाहेर येत नाही. डॅम्परच्या वरच्या टोकाचा मधला नट मात्र कोणत्याही परिस्थितीत सोडू नये, कारण दाबलेली स्प्रिंग त्यानेच धरून ठेवलेली असते. खालच्या विशबोनखाली जॅकचा हलका आधार द्यावा. वरचा जॉइंट सुटताच दुवा ब्रेकच्या वजनाने बाहेर कलंडतो आणि ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येतो. म्हणून दुवा आधीच तारेने वरच्या विशबोनला सैलसर बांधून ठेवावा.

आता जॉइंटच्या स्टडवरील नट सैल करावा, पण पूर्ण काढू नये. टेपर सुटतो तेव्हा मोठा आवाज होऊन झटका बसतो, आणि काही आट्यांवर राहिलेला नट पुलरला व दुव्याला उडण्यापासून रोखतो. पुलर सरळ बसवून त्याचा स्क्रू चांगला ताणावा. एवढ्याने टेपर सुटला नाही, तर ताण तसाच ठेवून दुव्याच्या डोळ्याच्या बाजूवर हातोड्याचा खणखणीत ठोका द्यावा, आणि त्या वेळी डोळ्याच्या विरुद्ध बाजूला दुसरा जड हातोडा टेकवून धरावा. दोन्हींच्या मध्ये डोळा क्षणभर दबतो आणि पकड सुटते. स्टडच्या टोकावर थेट ठोकण्याची सवय अनेकांना असते. त्याने स्टडचे टोक फुलते, नट अडकतो आणि टेपर जागचा हलत नाही. दुव्याला गॅसची ज्योत लावणे तर पूर्णपणे टाळावे, कारण ज्या पोलादावर चाक उभे आहे त्याची ताकद उष्णतेने बदलू शकते. काट्यासारखी पाचर ठोकून जॉइंट सोडवण्याच्या पद्धतीने बूट फाटतो. इथे जुना जॉइंट टाकूनच द्यायचा असल्याने ती चालेल, मात्र तीच पाचर चांगल्या टाय रॉड एंडवर (स्टिअरिंगचा दांडा चाकाकडे जोडणाऱ्या सांध्यावर) वापरू नये. या कामासाठी टाय रॉड एंड सोडवण्याची गरजही नसते.

टेपर सुटल्यावर नट काढावा. जॉइंटचे घर वरच्या विशबोनच्या दोन भुजांमध्ये दोन बोल्टनी धरलेले असते. बोल्ट कोणत्या दिशेने घातले आहेत हे पाहून ते काढावेत आणि जुना जॉइंट बाहेर घ्यावा.

नवा जॉइंट बसवणे

दुव्याच्या डोळ्यातील टेपर कोरड्या कापडाने लख्ख पुसावा. तेथे ग्रीस किंवा तेल लावू नये, कारण टेपरची सगळी पकड धातू धातूला भिडण्यात असते. नव्या स्टडवर मार्करने उभ्या रेषा ओढून तो डोळ्यात घट्ट दाबावा आणि किंचित फिरवून बाहेर काढावा. रेषा वरपासून खालपर्यंत सारख्या पुसल्या गेल्या तर टेपर नीट बसतो. केवळ वर किंवा केवळ खाली पुसल्या गेल्या तर भाग चुकीचा आहे किंवा डोळा खराब झाला आहे, आणि अशा स्थितीत नट जोर लावून ओढून काम निभावून नेणे धोक्याचे आहे.

जॉइंट विशबोनच्या भुजांमध्ये ठेवून दोन्ही बोल्ट हाताने लावावेत, स्टड डोळ्यात उतरवावा आणि त्याचा नट चढवावा. नायलॉक नटातील नायलॉनची पकड आट्यांवर आली की बऱ्याचदा स्टड नटाबरोबर गरगर फिरू लागतो. जॉइंटच्या डोक्यावर पहारीने किंवा क्लॅम्पने दाब दिल्यास टेपर धरतो. तरीही न जमल्यास आधी त्याच आट्यांचा साधा नट लावून टेपर ओढून घ्यावा, तो काढावा आणि मग नवा नायलॉक नट लावावा. शेवटी स्टडचा नट व दोन्ही बोल्ट मॅन्युअलमधील आकड्यांनुसार टॉर्क पान्याने घट्ट करावेत. नव्या जॉइंटवर ग्रीस निपल असेल तर बूट किंचित फुगेपर्यंतच ग्रीस भरावे.

ट्रनियन

तारा सोडण्यापूर्वी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. हालचाल कुठे अडखळत असेल, ट्रनियनच्या वरच्या सीलभोवती गंजाचा तांबूस लगदा दिसत असेल किंवा आट्यांत खडखड जाणवत असेल, तर ट्रनियन सोडून आटे तपासावेत. कोरड्या ट्रनियनमध्ये पाणी शिरते, पोलादी आटे गंजून क्षीण होतात आणि अखेरीस दुवा आट्यांपाशीच तुटून चाक गाडीखाली दुमडते. या कुळातील गाड्यांचा हा प्रसिद्ध दोष बहुधा वंगणाच्या हयगयीतून येतो. आट्यांवर खड्डे पडलेले दिसले तर दुवा बदलावा.

ट्रायम्फच्या सूचनेनुसार ट्रनियनमध्ये ग्रीस नव्हे, तर घट्ट गिअर ऑइल घालायचे असते. ग्रीस वाहत नाही आणि आट्यांच्या खोलवर पोहोचत नाही. ट्रनियनवरचा छोटा प्लग काढून तेथे निपल बसवावे, ग्रीस गनमध्ये ईपी ९० तेल भरावे आणि वरच्या सीलमधून ताजे तेल झिरपू लागेपर्यंत पंप करावे. दर ६,००० मैलांनी, म्हणजे सुमारे ९,६०० किलोमीटरनी, हे करण्याची मूळ सूचना आहे. वर्षाकाठी थोडीच धावणाऱ्या गाडीत अंतराची वाट न पाहता वर्षातून एकदा, आणि कोकणात किंवा गोव्यात गाडी असल्यास पावसाळ्याच्या आधी व नंतर तेल घालावे. ट्रनियन काढलाच असेल तर डाव्या-उजव्या बाजूंचे आटे परस्परविरुद्ध दिशेचे असतात हे ध्यानात ठेवावे. बसवताना तो शेवटपर्यंत फिरवून मग दोन्ही बाजूंना पूर्ण वळण मिळेल इतका उलट सोडावा, अन्यथा वळताना आटे तळाला टेकतात.

शेवटची तपासणी

ब्रेकची नळी पिळलेली नाही ना हे चाक दोन्हीकडे वळवून पाहावे, चाक लावावे, गाडी खाली घ्यावी आणि चाकाचे नट घट्ट करावेत. पहिली फेरी संथ गतीने, रिकाम्या रस्त्यावर मारावी आणि नंतर सर्व नट-बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत. नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. तेथील कारागिराला एवढे आवर्जून सांगावे की या गाडीचा कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) वरच्या जॉइंटपाशी नव्हे, तर खालच्या विशबोनचे ब्रॅकेट आणि चासी यांच्यामधील पातळ शिमनी (धातूच्या पट्ट्यांनी) ठरतो, त्यामुळे नुकतेच घट्ट केलेले वरचे बोल्ट सोडण्याचे त्याला काहीही कारण नाही.