आधी व्हिडिओ, मग पेटंट? या चुका टाळा

केळीच्या खांबातून धागा काढायचं मशीन आमच्या रावेर-यावलकडे नवं नाही. माझ्या वर्कशॉपमध्ये मी त्यात एकच सुधारणा केली होती. सोपट, म्हणजे खांबाचा एकेक पापुद्रा, जाड असो की पातळ, पातं स्प्रिंगवर आपोआप मागेपुढे सरकायचं, धागा तुटत नव्हता. खुशीत व्हिडिओ काढला, यूट्यूबवर टाकला, ग्रुपवर फिरवला. आठ महिन्यांनी पेटंट एजंटकडे गेलो. त्यांनी विचारलं, "भाऊ, हे कुणाला दाखवलं का?" मी छाती फुगवून म्हटलं, "सगळ्यांना!" विषय तिथेच संपला.

अर्जाच्या तारखेआधी जगात कुठेही उघड झालेली गोष्ट पेटंटला नवी ठरत नाही, मग ती तुम्ही स्वतः का उघड केली असेना. सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनापुरती १२ महिन्यांची सवलत असते. तालुक्याच्या कृषी प्रदर्शनातला स्टॉल त्यात बसेल असं धरून चालू नका.

मग मशीन ताडपत्रीखालीच ठेवायचं? नाही. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाका. एकट्या माणसाला ऑनलाइन फी १,६०० रुपये, डिजिटल सही लागते, मुंबईची वारी करावी लागत नाही. तारीख मिळाली की खुशाल दाखवा. फक्त त्यात "सुधारित मशीन" एवढंच लिहून मोकळे होऊ नका. स्प्रिंग कुठे, पातं कशावर सरकतं, सगळं आलं पाहिजे, कारण जे लिहिलं नाही त्याला ती तारीख मिळत नाही. पुढच्या १२ महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं पूर्ण वर्णन, द्यायचंच. "कांदेबागाची (हिवाळ्याच्या तोंडावरच्या केळीची) लागवड उरकू, मग बघू" म्हणत वर्ष उलटलं, की अर्ज सोडून दिला असं धरतात.

क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क हवा ते, लिहितानाही आपण मापात अडकतो. "२० मिमीचं पातं" लिहिलं की शेजारचा २२ चं बसवून मोकळा! मापाऐवजी ते काम कसं करतं, ते मांडा.

काही गोष्टींना पेटंट मिळतच नाही. मृगबागेत (पावसाळ्यात लावलेल्या केळीत) रोपांचं अंतर बदलून उत्पन्न वाढवलं, तर ती शेतीची पद्धत झाली, कायद्याच्या कलम ३ मध्ये बाद. त्यासाठी बनवलेलं अवजार मात्र चालू शकतं. केळीच्या नव्या वाणासाठी २००१ चा वेगळा कायदा आहे. आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये मिळालं ते भौगोलिक मानांकन. ते भागाचं असतं, एका माणसाचं नाही.

अर्ज केला म्हणजे पेटंट झालं, हा आणखी एक गैरसमज. पहिल्या अर्जापासून ३१ महिन्यांत फॉर्म १८ भरून तपासणी मागावी लागते, नाहीतर अर्ज मागे घेतला असं समजतात. पेटंट मंजूर होईपर्यंत मशीनवर "पेटंटेड" रंगवू नका, त्याला दंड आहे.

मी आता फीडिंगचा भाग बदललाय. कसा, ते विचारू नका भो. अर्ज अजून गेलेला नाही.