थर्मामीटर आधी, पाकीट नंतर : मित्र सूत्रकृमी वापरताना तापमान कसं सांभाळावं

हुमणीसाठी, म्हणजे मातीत राहून मुळं खाणाऱ्या अळीसाठी, सूत्रकृमी (कीड मारणारे धाग्यासारखे बारीक कृमी) सोडले आणि काहीच झालं नाही, असं कोणी सांगितलं की मी आधी एकच विचारतो : माती किती गरम होती? बहुतेकांनी ती मोजलेलीच नसते.

सूत्रकृमींच्या पाकिटात एक नाही, दोन जीव असतात. स्टायनरनिमा या सूत्रकृमीच्या आतड्यात झेनोरॅब्डस जिवाणू राहतात, तर हेटरोरॅब्डायटिसच्या आतड्यात फोटोरॅब्डस. कृमी अळीच्या तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वसनछिद्रातून आत शिरतो आणि तिच्या रक्तात जिवाणू सोडतो. मारायचं मुख्य काम जिवाणूंचं. पंचवीस अंशांच्या आसपास अळी साधारण २४ ते ४८ तासांत मरते. थंडीत मात्र कृमी हळू सरकतो, आत पोचलाच तरी जिवाणू सावकाश वाढतात आणि मरण लांबतं. उष्णतेचा त्रास वेगळा. मातीतला हा कृमी काही खात नाही, अंगातल्या चरबीवर जगतो. ऊन वाढलं की ती चरबी भराभर संपते.

१. माती मोजा. हवामानाच्या ॲपमधला आकडा इथे कामाचा नाही. अळ्या ज्या खोलीवर आहेत तिथे, म्हणजे साधारण ५ ते १० सेंटिमीटर खाली, थर्मामीटर खुपसा. सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा.

२. जात त्यानुसार निवडा. माती १२-१५ अंशांवर असेल तर स्टायनरनिमा फेल्टी. पंचविशीच्या आसपास स्टायनरनिमा कार्पोकॅप्सी चालतो, पण तो वरच्या थरात दबा धरून बसणारा. खोलवरच्या हुमणीला त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे अळी शोधत खाली जाणारा हेटरोरॅब्डायटिस बॅक्टेरिओफोरा बरा. तिशीच्या घरातल्या मातीत हेटरोरॅब्डायटिस इंडिका.

३. साठवण. स्टायनरनिमाच्या बऱ्याच जाती ४ ते १० अंशांत टिकतात. इंडिकाला मात्र फ्रिजची थंडी सोसत नाही, त्याला १५ अंशांच्या आसपास ठेवा. पाकिटावरची सूचना वेगळी असेल तर तीच पाळा. बर्फाच्या कप्प्यात कुठलंच पाकीट नको आणि बंद गाडीत तर अजिबात नको.

४. जिवंत आहेत का, बघा. पाकिटातले थोडे कृमी पाण्यात मिसळा, ते चमचाभर द्रावण काळ्या बशीत घ्या, अर्धा तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि भिंगातून पाहा. अर्ध्या-एक मिलिमीटरचे पांढरे धागे वळवळताना दिसले तर ठीक. फ्रिजमधून काढल्या काढल्या बघू नका. गारठलेला कृमीही निपचित पडलेला असतो. सगळेच सुईसारखे ताठ असतील आणि ऊब मिळूनही हलत नसतील, तर ते मेले आहेत.

५. पाणी. इथे माझी एकदा फजिती झाली. उन्हात पडलेल्या नळीतलं पाणी थेट बादलीत घेतलं, हाताला चटका बसला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पहिलं पाणी वाहून जाऊ द्या. द्रावण तिशीच्या खालीच असावं आणि सावलीत. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, शिवाय कृमी तळाशी बसतात, त्यामुळे सतत ढवळत राहा आणि केलेलं द्रावण लगेच संपवा.

६. सोडणं. माती आधी ओलवा. संध्याकाळी, ऊन कलल्यावर आळवणी करा, म्हणजे द्रावण मातीत ओता, कारण उष्णतेइतकेच अतिनील किरणही त्यांना मारतात. पंपातल्या बारीक जाळ्या काढून टाका. नेहमीचं प्रमाण चौरस मीटरला अडीच लाख कृमी. नंतर हलकं पाणी द्या, म्हणजे पानांवर, गवतावर अडकलेले खाली उतरतील. पुढचे दोन आठवडे माती सुकू देऊ नका.

७. निकाल. थंड मातीत दोन दिवसांनी खणून निराश होऊ नका, आठवडाभर थांबा. हेटरोरॅब्डायटिसने मारलेली अळी विटकरी लाल होते, स्टायनरनिमाने मारलेली पिवळट-तपकिरी. दोन्हींना सडका वास जवळजवळ नसतो, कारण जिवाणू प्रतिजैविकं सोडून इतर जंतूंना आत फिरकू देत नाहीत. लाल अळी सापडली तर रात्री ती पूर्ण अंधारात घेऊन बसा. दहा मिनिटांनी, डोळे सरावले की, ती अगदी मंद चमकताना दिसू शकते. हा फोटोरॅब्डसचा उजेड. पाहून झालं की अळी परत मातीत टाका, तिच्यातून हजारो नवे कृमी बाहेर पडायचे आहेत.