चित्रपुस्तक मुलाला वाचून कसे दाखवावे

आवडते चित्रपुस्तक मुलाला दाखवण्याआधी ते स्वतः सावकाश पाहून घ्यावे. मोठी माणसे सवयीने ओळी वाचून पान उलटतात, मूल मात्र चित्रापाशीच रेंगाळलेले असते. उदाहरणादाखल एरिक कार्ल यांचे १९६९ साली प्रकाशित झालेले ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ हे एका भुकेल्या अळीचे पुस्तक घेऊ. मूल दोन वर्षांच्या आतले असल्यास जाड पुठ्ठ्याच्या पानांची आवृत्ती निवडावी, कारण अळीने खाल्लेल्या फळांच्या चित्रांना यात खरोखरची भोके आहेत आणि पातळ कागद तिथेच फाटतो.

मुलाला मांडीवर किंवा अगदी शेजारी बसवावे आणि पाने त्यालाच उलटू द्यावीत. मजकूर इंग्रजी असला तरी गोष्ट आपल्या घरच्या मराठीत सांगावी. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर असे करत अळी शुक्रवारी पाच संत्र्यांपर्यंत पोहोचते आणि पानांची रुंदीही त्याबरोबर वाढत जाते. मूल भोकात बोट घालून ते पलीकडून निघते का हे पाहील. तेवढा वेळ गोष्ट थांबली तरी चालेल. प्रत्येक फळानंतर अळी भुकेलीच राहते, म्हणून दोन-तीन पानांनंतर “तरी तिची भूक काही…” एवढेच म्हणून थांबावे. “भागलीच नाही!” हे मुलाकडून आपोआप येते.

प्रश्न विचारताना ‘हो-नाही’त संपणारे प्रश्न टाळावेत. मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या संवादी वाचनाच्या पद्धतीत मुलाला बोलते करणे आणि त्याच्या उत्तरात थोडी भर घालणे यांवर भर आहे. शनिवारी केक, आइस्क्रीम, कलिंगड असे बरेच काही खाल्ल्यावर मूल “पोट दुखलं” म्हणाले, तर “हो, एवढं सगळं एकदम खाल्लं, म्हणून अळीचं पोट दुखलं” असे म्हणावे. वार आणि अंक घोटून घेण्याचा मोह मात्र आवरावा. परीक्षा सुरू झाली की मूल उठून जाते, आणि ते बरोबरच करते.

गॅलरीत लिंबाची किंवा कढीपत्त्याची कुंडी असल्यास पानांवर खरी अळी शोधावी. लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि मोठी झाल्यावर हिरवी होते. ती केक खात नाही, फक्त पाने खाते, हे मुलालाच शोधू द्यावे. तोवर कुंडीवर औषध फवारू नये.