असिस्टंट? पण कुणाचे?

नागपुरात शूटिंग येऊन राहिलं अशी कुणकुण लागली की फोन सुरू होतात, "ताई, डिरेक्शनमध्ये लावून द्या ना." साऊंड, आर्ट, कॉश्च्युम, एडिटिंग कुणीच मागत नाही. राजकुमार हिरानी आपल्याच गावचे. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते एडिटिंग शिकले, पुढे वर्षानुवर्षं जाहिराती आणि एडिटिंग केलं, आणि दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिला सिनेमा आला 2003 मध्ये. एवढं तरी डोळ्यांसमोर ठेवा.

आता मुख्य गोष्ट. माझ्या पहिल्या सिनेमावर मला "असिस्टंट" म्हणून घेतलं. कुणाची, ते कुणी सांगितलं नाही. सकाळी प्रॉडक्शनने पाण्याचे जार मोजायला बसवलं, दुपारी आर्टवाल्यांनी भिंत रंगवायला नेलं, संध्याकाळी फर्स्ट एडी, म्हणजे दिग्दर्शकाचा पहिला असिस्टंट, ओरडला की बघ्यांची गर्दी का हटवली नाही. पैसे मागितले तर प्रॉडक्शन म्हणे तू डिरेक्शनची, डिरेक्शन म्हणे आमच्या यादीत तुझं नावच नाही. श्रेयनामावलीतही नाव आलं नाही. अजूनही आठवलं की जीव जळतो.

सेटवर प्रत्येक माणूस कुठल्या तरी डिपार्टमेंटचा असतो. फोकस पुलर (शॉटमध्ये फोकस सांभाळणारा) कॅमेऱ्याचा, लाइटमन गॅफरच्या (लाइटच्या प्रमुखाच्या) हाताखाली, स्पॉटदादा प्रॉडक्शनचा. काम, जेवणाची गणती, मानधन, नाव, सगळं त्या डिपार्टमेंटच्या प्रमुखामार्फत जातं. म्हणून होकार देण्याआधी विचारा: माझा प्रमुख कोण? कॉल शीटवर (त्या दिवशी कुणी कधी यायचं त्या कागदावर) माझं नाव कुठल्या डिपार्टमेंटखाली येणार? पैसे कोण देणार, कधी? उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. तोंडी "होऊन जाईल" चालत नाही. "आधी शीक, पैशाचं मागाहून बघू" म्हणणाऱ्यापासून लांबच राहा, तो शिकवतही नाही. आणि दिग्दर्शकाला गुरू करायच्या मागे लागू नका, त्याला तुमच्याकडे बघायला सवड नसते. शिकवतो तो तुमच्या एक पायरी वरचा माणूस.

घाबरू मात्र नका. गणपतीचा मांडव उभारलाय, झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे-लाइट बघितलेत, तर आर्ट आणि लाइटची अर्धी तालीम झालेलीच आहे.

मी पुढे साऊंडमध्ये गेले आणि रमले. मे महिन्यात धरमपेठेतल्या एका जुन्या घरात सीन होता. टेकआधी कूलर बंद, पंखे बंद, शेजारच्या काकूंना विनवून त्यांचाही कूलर बंद. बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरणाऱ्याचे हात त्या उकाड्यात सतत वर. बूम फ्रेममध्ये येऊ नये, त्याची सावलीही पडू नये, म्हणून कुठली लेन्स लागलीय हे त्याला ठाऊक असावं लागतं. सीन संपल्यावर रेकॉर्डिस्टने सगळ्यांना जागच्या जागी थांबवून अर्धा मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज घेतला. हा रूम टोन. एडिटमध्ये दोन संवादांमधली फट त्यानेच भरतात, नाहीतर ती कानाला लगेच खटकते. या कामाला माणसं कमी पडतात, आणि नागपूरच्या मुलामुलींना ते जमतं, हे मी रोज बघते.