दोन बिंदूंवरून रेषेचे समीकरण कसे काढावे

समजा, रेषा (२, ३) आणि (५, ९) या बिंदूंतून जाते. य-निर्देशकांतील फरक ६ आणि त्याच क्रमाने घेतलेला क्ष-निर्देशकांतील फरक ३, म्हणून रेषेचा चढ ६ ÷ ३ = २; अंशात एक क्रम आणि छेदात दुसरा घेतला, तर चिन्ह उलटते, आणि परीक्षेत गुण जातात ते बहुधा इथेच. आता पहिला बिंदू वापरून य − ३ = २(क्ष − २) असे मांडावे; कंस सोडवला की य = २क्ष − १ मिळते. दुसऱ्या बिंदूने ताळा पाहावा: २ × ५ − १ = ९. उभ्या रेषेत मात्र क्ष-निर्देशकांतील फरक शून्य असतो आणि शून्याने भागता येत नाही, त्यामुळे तिचा चढ निश्चित करता येत नाही व तिचे समीकरण क्ष = ४ अशा रूपात लिहितात.