चिंकाऱ्याच्या कामाला निघण्यापूर्वी

चिंकारा या माळावरच्या छोट्या हरणाच्या अभ्यासाचे काम करू इच्छिणारे ठाणे-नवी मुंबईतील विद्यार्थी भेटले की त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : प्राणी दिसेल का? दिसेल. बारामती तालुक्यात सुप्याजवळ असलेले मयूरेश्वर अभयारण्य अवघे ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे. पहाटे किंवा उन्हे कलल्यावर शांतपणे फिरल्यास चिंकारा दिसण्याची शक्यता बरीच असते. मादीलाही शिंगे असतात, मात्र ती आखूड आणि बारीक असतात, तर काळविटाची मादी सहसा बिनशिंगी असते, एवढे लक्षात ठेवले तरी सुरुवातीचा गोंधळ टळतो.

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संस्थेच्या, धोक्यातील प्रजातींच्या यादीत चिंकारा ‘कमी चिंते’च्या गटात आहे. ही यादी पुढे करून ‘मग इथे काम ते काय?’ असे विचारणारे परीक्षक भेटतात. डगमगू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, चिंकाऱ्याचे नाव आहे, आणि जागतिक यादीतला गट आपल्या तालुक्यातील माळाची अवस्था सांगत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती मी सविस्तर सांगणार आहे, कारण तिच्यात मी स्वतः बराच काळ अडकलो होतो. आपली नजर येऊरच्या आणि कर्नाळ्याच्या झाडीवर, फार तर खाडीकाठच्या खारफुटीवर घडलेली असते. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील सुप्याकडे त्याचा लहानसा हिस्साच पोहोचतो. तिथला कुसळी आणि मारवेल या गवतांचा माळ म्हणजे उजाड झालेले जंगल नव्हे. तो मुळातच गवताळ प्रदेश आहे. चिंकारा धोका दुरून हेरून पळतो, त्यामुळे त्याला मोकळी दृष्टी लागते. पाण्याची गरज तो बरीचशी झाडपाल्यातून आणि दवातून भागवतो. अशा माळावर सलग चर खोदून गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) दाट रोपे लावली की गवताची मुळे उखडली जातात, पुढे सावलीने उरलेले गवत विरळ होते आणि लांडग्यापासून माळचिमणीपर्यंत सगळ्यांचेच घर आक्रसते. ‘वृक्षारोपण म्हणजे संवर्धन’ हे समीकरण कोकणातल्या उघड्या डोंगरावर कदाचित चालेल, माळावर ते अपायच करते. शासकीय नोंदींत अशा जमिनी अनेकदा पडीक म्हणून दाखवल्या जातात, म्हणून प्रकल्पांसाठी आणि लागवडीसाठी पहिली नजर तिकडेच वळते. तेव्हा रविवारच्या रोपलागवडीची प्रमाणपत्रे अर्जाला जोडून माळावर काम मागायला जाऊ नका. जाणता माणूस तुम्हाला दारातूनच परत पाठवील.

याचा अर्थ झाडे तोडा असा नाही. माळावरची बोर-बाभळ चिंकाऱ्याला पाला, शेंगा आणि उन्हात सावली देते. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि ते प्रमाण पुस्तकापेक्षा पायी फिरूनच कळते.

मार्गदर्शक निवडताना माझे मत थोडे हेकट वाटेल. जीपमधून उतरल्याशिवाय छायाचित्र मिळवून देणारा गुरू नको, आणि ड्रोन उडवून एका सकाळी गणना उरकू म्हणणाराही नको. खाली आलेल्या यंत्राच्या आवाजाने बिथरलेला कळप मोजून काय हाती लागणार? त्यापेक्षा जुन्या वनरक्षकाच्या आणि मेंढपाळाच्या मागे निमूटपणे चाला. कुठल्या उतारावर पिल्ले लपतात, मोकाट कुत्री कुठून येतात, कोणत्या तारेच्या कुंपणामुळे वाट बंद झाली, हे त्यांना ठाऊक असते. चिंकारे अभयारण्याची हद्द पाळत नाहीत. गायरानात आणि शेतांतही वावरतात, त्यामुळे गावाशी बोलल्याविना तुमचे काम अर्धवटच राहील.

अभयारण्यात संशोधन करायचे तर कायद्याच्या कलम २८ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. कागद लवकर हलत नाही, म्हणून हंगामाच्या खूप आधी अर्ज करा. ती मिळेपर्यंतचा काळ वाया जात नाही : मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, गवतांचे नमुने पाहता येतात का याची चौकशी करा आणि फुलोऱ्यावरून जात ओळखण्याचा सराव सुरू ठेवा. सुरुवातीला सगळी गवते सारखीच दिसतील, त्याने खचू नका. प्रत्येकालाच ती तशी दिसतात.

लेंड्यांच्या नोंदींबाबत मात्र सावध राहा. चिंकारा ठरावीक जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, तर शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्या चरण्याच्या वाटेवर विखुरलेल्या सापडतात. तरीही एकेकटी लेंडी हातात घेऊन फरक सांगणे अवघड असते. शंका असल्यास रकाना रिकामा ठेवा, शेजारी जागेची आणि कळपाच्या वाटेची टिपण करा, आणि त्याच दिवशी वनरक्षकाला दाखवा.