कारखान्यात एआय बसवताय? आधी या चुका टाळा

कॅमेऱ्याने तपासणी, स्पिंडलवर (मशीनच्या फिरत्या दांड्यावर) सेन्सर लावून बेअरिंग कधी जाईल याचा अंदाज, या गोष्टी हल्ली भोसरी-चाकणच्या मध्यम कारखान्यांतही दिसतात. बसवून बायपास करून ठेवलेल्या सिस्टीमही तितक्याच दिसतात. कारण विचारलं की साहेबांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘आपल्या लोकांची मानसिकताच नाही.’ हे ऐकलं की मला संताप येतो. वीस-वीस वर्षं मशीनवर उभा असलेला माणूस उगाच कशावर अविश्वास दाखवत नाही. त्याला काहीतरी दिसलेलं असतं, आणि ते त्याला कुणी विचारलेलं नसतं.

‘98 टक्के अचूक’ सांगून मोकळं होणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. साधा हिशोब करा. शिफ्टला 10,000 नग निघतात आणि त्यातले 20 खरोखर खराब आहेत असं धरू. सिस्टीम चांगला आणि खराब नग 98 टक्के वेळा बरोबर ओळखते. म्हणजे खराब नग जवळपास सगळे सापडतील, पण 9,980 चांगल्या नगांपैकी सुमारे 200 नगही रिजेक्टच्या लाल बिनमध्ये (डब्यात) जातील. ऑपरेटरने त्या बिनमधले अकरा नग उचलले तर दहा चांगले निघणार. त्याच्या नजरेला ही सिस्टीम दहात नऊ वेळा चुकते, आणि तुम्ही भिंतीवर 98 चा फलक लावता. तो कुणावर विश्वास ठेवेल?

भोसरीतल्या एका कारखान्यात हेच झालं. बुशच्या (दांड्याभोवती बसणाऱ्या धातूच्या नळीच्या) आतल्या पृष्ठभागावरचे ओरखडे पकडायला कॅमेरा बसवला होता. गंज लागू नये म्हणून मारलेल्या तेलाचा ओघळ राहिला की रिंग लाइटखाली तो ओरखड्यासारखा चमकायचा आणि नग रिजेक्ट व्हायचा. फायनल इन्स्पेक्शनच्या ताई पहिल्या आठवड्यापासून सांगत होत्या, ‘अहो, तेल पुसलं की पास होतोय.’ इंजिनिअर म्हणाले, एआयचं मॉडेल शिकेल हळूहळू. रात्रपाळीत विचारायला कुणीच नसायचं आणि टार्गेट तर गाठायचं होतं. मग मुलांनी रिजेक्ट नग फडक्याने पुसून परत घालायला सुरुवात केली. दुसऱ्यांदा नाही तर तिसऱ्यांदा, जरा फिरवून. अशा फिरवाफिरवीत खरा ओरखडा असलेले नगही पास झाले आणि थेट गिऱ्हाइकाच्या लाइनवर सापडले. मेमो कुणाला मिळाला? ऑपरेटरला.

उपाय ताईंनी सांगितला होता तोच निघाला. कॅमेऱ्याच्या आधी हवेचा फवारा लावला, लाइटचा कोन बदलला आणि खोटी रिजेक्शन झपाट्याने उतरली.

तेव्हापासून मी प्रत्येक मशीनला एक वही टांगायला लावतो. रकाने तीनच: मशीन काय म्हणालं, तुम्ही काय म्हणालात, खरं काय निघालं. तिसरा रकाना क्वालिटीने दुसऱ्या दिवसापर्यंत भरायचाच. तो रिकामा राहायला लागला की पहिले दोन भरणंही थांबतं. यासाठी अ‍ॅप नको. अ‍ॅपची सवय लागेपर्यंत लोक तक्रार करणं सोडून देतात.

मशीनचा डेटा माणसावर उगारणं

सेन्सर बसवताना सांगतात, मेंटेनन्ससाठी आहे. महिन्याभरात त्याच आलेखावरून विचारणा सुरू होते, ‘10:40 ते 10:55 मशीन उभं होतं, तू कुठे होतास?’ तो क्रेनची वाट बघत होता, किंवा टूल बदलत होता, किंवा लघवीला गेला होता. आलेखात हे काहीच येत नाही.

पुढे काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. जॉब न लावता स्पिंडल फिरत ठेवतात, टूल हवेतच कापत राहतं. आलेख हिरवा आणि साहेब खूश. पण मॉडेल आता त्या पोकळ फिरण्यावर शिकतं, आणि खरं बेअरिंग जायला आलं की गप्प बसतं. शिस्तीच्या हव्यासात मेंटेनन्सची सिस्टीम गेली.

कोणता डेटा घेतो, कोण बघतं, कशासाठी वापरणार नाही, हे मराठीत आणि हिंदीत लिहून, सही करून फलकावर लावा. युनियन असेल तर आधी तिच्याशी बोला. तंत्र बदलल्याने कामगार कमी होण्याची शक्यता असेल तर 21 दिवसांची नोटीस द्यावी लागते, हे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 9अ मध्येच होतं आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. कंत्राटी मुलांना वेगळं बसवून सांगा, त्यांच्यापर्यंत फलकावरचं पोहोचत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

डेमो कॉन्फरन्स रूममध्ये देऊ नका, लाइनवर द्या, तेही तिन्ही शिफ्टला.

स्क्रीनवर नुसतं ‘एनजी’ (नॉट गुड, म्हणजे खराब) नको. नगाचा फोटो आणि खटकलेल्या जागेभोवती गोल दाखवा.

निर्णय फिरवायला सुपरवायझरचा पासवर्ड ठेवू नका. टोयोटात साधा कामगार दोरी ओढून मदत मागतो, लाइन थांबवू शकतो. तिथली कायझेनची (सतत थोडी थोडी सुधारणा) पोस्टर्स आपण हौसेने लावतो, मग हा अधिकारही द्या. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीटवोर्स्ट, सिमन्स आणि मॅसी या संशोधकांच्या प्रयोगांत लोकांना अल्गोरिदमच्या अंदाजात थोडासा बदल करायची मुभा दिली, तर तो चुकतो हे माहीत असूनही ते वापरायला तयार झाले.

जास्त विश्वासाकडे दुर्लक्ष

परशुरामन आणि रायली या संशोधकांनी 1997 मध्येच दोन्ही बाजू मांडल्या होत्या: चांगलं यंत्र न वापरणं आणि यंत्रावर नको तितकं विसंबणं. नवीन ट्रेनी दुसऱ्या गटातले. कॅमेरा हिरवा म्हणाला की मोजमापाच्या गेजला हात लावत नाहीत, आणि ही घाई मला जुन्या माणसांच्या हट्टापेक्षा जास्त धोकादायक वाटते. म्हणून मी शिफ्टच्या सुरुवातीला रंगाची खूण केलेले माहितीतले खराब नग ऑपरेटरच्याच हाताने कॅमेऱ्याखालून घालायला लावतो. खूण कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बाजूला करायची. सगळे पकडले तरच लाइन सुरू. एक जरी सुटला तर त्या शिफ्टला हाताने तपासणी, मग डिस्पॅचवाले कितीही ओरडोत. आणि शेवटी ते नग मोजून परत कुलपात ठेवायचे.